बिनतारी यंत्रांची पारख

सांप्रत आमच्या धाराशिव जिल्ह्यांत बिनतारी यंत्र शिरलें नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशांत मोबाइल आहे, किराणा दुकानाच्या फळीवर वायफायचा राउटर लुकलुकत आहे, आणि कित्येक शाळांतून संगणकाच्या खोलींत भिंतीवर एक पांढरी पेटी दिसूं लागली आहे. यंत्र आलें, पण तें पारखून घेण्याची विद्या मात्र त्याच्याबरोबर आली नाहीं. बैल घ्यावयाचा झाला तर आमचा शेतकरी त्याचे दांत पाहतो, त्याला चालवून पाहतो, जमल्यास औतास जुंपून पाहतो, आणि मगच पैसे मोजतो. तोच शेतकरी मुलाच्या अभ्यासासाठीं राउटर घ्यावयास गेला म्हणजे पेटीस शिंगें किती आहेत एवढें पाहून परत येतो! शाळांच्या चालकांची गतही फारशी निराळी नाहीं. म्हणून बिनतारी यंत्रांच्या संदेशाची प्रत कशी ताडून पाहावी याविषयीं आमचे विचार आम्ही पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडीत आहों.

आमचें म्हणणें आरंभींच थोडक्यांत सांगतों. यंत्राची परीक्षा त्याच्या जवळ उभें राहून करूं नये. ती वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून करावी. तसेंच आवाज किती मोठा येतो हें पाहण्यापेक्षां बोलणें किती स्पष्ट कळतें हें पाहावें. या दोन गोष्टी पटल्या म्हणजे बाकीचें सर्व ओघानेंच येतें.

ज्यांच्या घरीं आजोबांचा जुना रेडिओ होता त्यांस यांतील मर्म समजावयास कठीण पडूं नये. दूरचें केंद्र लावलें म्हणजे गाण्याबरोबर खरखर येई. आवाजाची खुंटी पिळली कीं गाणें मोठें होई, पण खरखरही तितकीच मोठी होई; समजण्यांत भर कांहींच पडत नसे. उलट तांब्याच्या जाळीची एरियल उंच बांधली, किंवा रेडिओ खिडकीजवळ हलविला, तर त्याच आवाजांत शब्द नि शब्द कळूं लागे. संदेशाचें बळ ही एक गोष्ट आहे, आणि संदेश व गोंगाट यांमधील अंतर ही दुसरी. ऐकणाऱ्याचें काम या दुसऱ्या गोष्टीशीं असतें. राउटर व मोबाइल हे त्या रेडिओचेच वंशज आहेत; त्यांसही हाच नियम लागू आहे.

हें बळ मोजण्याचें एक माप ठरलेलें आहे; त्यास डीबीएम म्हणतात. एक मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग, एवढ्या शक्तीस शून्य मानावयाचें आणि तेथून खालीं मोजीत जावयाचें. दर १० अंकांस शक्ति दहापटीनें घटते, दर ३ अंकांस सुमारें निम्मी होते. उणे ७० असा आंकडा आला म्हणजे आपल्या यंत्रापर्यंत मिलिवॅटचा फक्त एक कोट्यंश भाग पोहोंचला असें समजावें. इतक्या सूक्ष्म शक्तीवर आपलीं पत्रें, चित्रें व बोलणीं चालतात! सामान्यतः उणे ५० च्या आसपासचा संदेश उत्तम, उणे ६७ पर्यंतचा संदेश चित्रासह चालणाऱ्या वर्गास पुरेसा, आणि उणे ८० च्या खालचा कष्टानें चालणारा, असें मानतात. परंतु या एका आंकड्यावर विसंबूं नये. समजा, माळावरील एका शाळेंत संदेश उणे ६५ आहे व गोंगाट उणे ९५ आहे. दोहोंमध्यें ३० अंकांचें अंतर पडलें. बाजारपेठेंतील दुसऱ्या शाळेंत संदेश उणे ६० आहे, पण शेजारच्या दुकानांतील यंत्रांमुळें गोंगाट उणे ७२ वर चढला आहे. अंतर १२ च राहिलें. दुसऱ्या शाळेंत बळ अधिक, तरी काम अडखळत चालेल. पहिलींत बळ कमी, तरी काम सुरळीत चालेल. यंत्रांची तुलना करतांना हें अंतर ज्यानें पाहिलें नाहीं त्यानें कांहींच पाहिलें नाहीं.

मग मोबाइलवर दिसणाऱ्या काड्यांचें काय, असें कोणी विचारील. काड्या हें माप नव्हे. तो कारखानदाराचा अभिप्राय आहे. किती डीबीएमला किती काड्या दाखवावयाच्या यास सर्वांस बांधणारा असा एक नियम नाहीं. त्यामुळें एकाच ओट्यावर शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन फोनांपैकीं एकांत चार व दुसऱ्यांत दोन काड्या दिसूं शकतात. ॲपल कंपनीनें जुलै २०१० मध्यें जाहीर पत्रानें कबूल केलें कीं, काड्यांची संख्या ठरविणारें आपल्या आयफोनांतील सूत्रच चुकीचें होतें, आणि पुष्कळ वेळां वास्तवापेक्षां दोन काड्या अधिक दाखविल्या जात होत्या. जगांतील नामांकित कारखान्याची ही कथा, तर इतरांच्या काड्यांवर कितपत भिस्त ठेवावी हें वाचकांनींच ठरवावें. बहुतेक अँड्रॉइड फोनांत डीबीएमचा आंकडा पाहण्याची सोय असते. विद्यार्थ्यांनीं काड्या मोजण्याऐवजीं तो आंकडा वाचावयास शिकावें.

गोंगाटापासून दूर राहण्याचें महत्त्व आमच्या महाराष्ट्रांतच दोन ठिकाणीं पाहावयास मिळतें. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांमध्यें ‘बीम’ पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हां संदेश सोडण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकी येथें आणि घेण्याचें केंद्र दौंड येथें ठेविलें होतें. दोन्ही एकाच आवारांत बांधणें वरवर सोयीचें वाटेल. पण सोडणाऱ्या यंत्राच्या गर्जनेंत समुद्रापलीकडून येणारी क्षीण हांक बुडून जाते, म्हणून ऐकणाऱ्यास निराळी व शांत जागा लागते. शिवाय या पद्धतींत शक्ति चोहोंकडे न उधळतां एका दिशेस रोखलेली असे. त्यामुळें लांब लहरींच्या अवाढव्य केंद्रांपेक्षां पुष्कळ कमी शक्तींत काम भागे. दुसरा दाखला जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीचा. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीस ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. तिची जागा निवडतांना मनुष्यनिर्मित रेडिओगोंगाट कमी असावा हा एक मुख्य विचार होता. एवढे विशाल कान असूनही शांतता लागते, तर आमच्या लहानशा राउटरास ती नको असें कसें म्हणावें?

आतां शेवटच्या बाकाकडे वळूं. वायफायचा स्वभाव असा आहे कीं, एका वाटेवर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें, बाकीच्यांनीं थांबावयाचें. आडावर एकच पोहरा असला म्हणजे जसें प्रत्येकानें आपली पाळी धरावयाची, तसेंच हें. यंत्राजवळ बसलेल्या मुलास जो मजकूर क्षणांत मिळतो, तोच मजकूर दूर कोपऱ्यांतल्या, क्षीण संदेशाच्या मुलास पोहोंचवावयास दहापट किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो, कारण अशा वेळीं यंत्र शब्द सावकाश व पुन्हां पुन्हां उच्चारतें. तेवढा वेळ सर्व वर्ग खोळंबतो. म्हणजे शेवटच्या बाकावरील मुलाचें नुकसान त्याच्यापुरतें राहत नाहीं. तें सर्वांच्या वांट्यास येतें. पहिल्या बाकावरील वेग आणखी वाढविण्यासाठीं पैसा खर्च करणारी शाळा गळक्या पोहऱ्याकडे दुर्लक्ष करून आडावरची गर्दी कमी होईल अशी आशा करीत असते. शेवटच्या बाकाचा संदेश सुधारला तर पहिल्याचेंही काम आपोआप हलकें होतें. दयाबुद्धि क्षणभर बाजूस ठेविली तरी हा शुद्ध हिशेब आहे.

पेटीच्या शिंगांविषयींचा भ्रमही दूर केला पाहिजे. एरियल शक्ति निर्माण करीत नाहीं. आहे ती शक्ति कोणत्या बाजूस जावी एवढेंच ती ठरविते. कंदिलामागें पत्र्याची तबकडी लावली म्हणजे पुढें उजेड वाढतो, पण मागें अंधार पडतो. उभी लांब एरियल आपल्या सपाटींत दूरवर संदेश पाठविते, पण वरच्या व खालच्या मजल्यांस कमी देते. शक्ति वाढवून प्रश्न सुटेल असें मानणेंही भोळेपणाचें आहे. भारत सरकारनें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील अल्प शक्तीच्या यंत्रांस परवान्याची अट माफ केली, पण त्याबरोबर यंत्रास १ वॅट व एरियलचा लाभ धरून ४ वॅट अशी मर्यादाही घातली. कारण आकाश सर्वांचें आहे. एकानें ओरडावयास आरंभ केला कीं शेजाऱ्यासही ओरडावें लागतें, आणि शेवटीं कोणाचेंच कोणास ऐकूं येत नाहीं. शिवाय संवाद दोघांचा असतो. राउटराचा मोठा आवाज मुलाच्या फोनापर्यंत पोहोंचला तरी फोनाचा लहानसा आवाज राउटरापर्यंत परत पोहोंचला पाहिजे. म्हणून शंभर हांका मारून किती ‘ओ’ परत आल्या हें मोजणारी ‘पिंग’ नांवाची साधी परीक्षा कोणत्याही जाहिरातीहून अधिक खरें बोलते.

यंत्र कोणत्या भूमीवर व कोणत्या भिंतींत काम करणार यावरही पुष्कळ अवलंबून आहे. आमचा जिल्हा बालाघाटाच्या पठारावर व त्याच्या उतारांवर पसरलेला आहे. घाटमाथ्यावरील तुळजापुराहून जें दूरवर दिसतें, तें डोंगराच्या कुशींतल्या वाडीस दिसत नाहीं. आणि या लहरींस सरळ नजर लागते. जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या भिंती दोन दोन हात रुंद, वर मातीचें माळवद. तेथें एका खोलींतला संदेश दुसरींत जाईपर्यंत निम्मा गळतो. पत्र्याच्या वर्गांत वेगळीच अडचण. पत्रा लहरींस आंत येऊं देत नाहीं, आणि आंतल्या लहरींस उलट सुलट फेंकतो. धाराशिवच्या लेण्यांसारख्या खडकांत कोरलेल्या दालनांत कोणी भराभर बोलूं लागला तर शब्दावर शब्दाचा प्रतिध्वनि चढतो, तसा प्रकार होतो; आवाज भरपूर, अर्थ मात्र अस्पष्ट. त्यांतही लहरीलहरींत भेद आहे. सारख्याच मोकळ्या अंतरावर व सारख्याच गुणाच्या एरियलनें ५ गिगाहर्ट्झचा संदेश २.४ च्या संदेशापेक्षां सुमारें ६ ते ७ अंकांनीं क्षीण पोहोंचतो, व भिंतींतून त्याहून अधिक गळतो. पण त्याच्या पट्ट्यांत वाटा पुष्कळ. २.४ च्या पट्ट्यांत एकमेकींस न अडविणाऱ्या रुंद वाटा तीनच, व त्यांवर गर्दी फार. म्हणून यंत्र असलेल्या खोलींत ५, आणि भिंतीपलीकडे २.४, असा सर्वसाधारण विवेक ठेवावा. मुंबईच्या आयआयटीनें ‘ग्राम मार्ग’ या प्रकल्पांत आजच्या पालघर जिल्ह्यांतील खामलोली व आसपासच्या गांवीं प्रयोग केले, तेव्हां दूरदर्शनच्या पट्ट्यांतील रिकाम्या पडलेल्या, कमी कंपनसंख्येच्या लहरी वापरल्या, त्या झाडींतून व उंचसखल जमिनीवरून अधिक चांगल्या जातात म्हणूनच. या प्रकल्पास २०१७ सालीं मोझिला या संस्थेचें पहिलें पारितोषिक मिळालें. जागा पाहून लहर निवडली, हें त्यांतील शहाणपण आम्हीं घेण्यासारखें आहे.

तुलना न्याय्य कशी करावी? आमची सूचना अशी आहे कीं, हें काम शाळेंतील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांनींच करावें. दोन किंवा तीन यंत्रें कांहीं दिवसांच्या बोलीवर आणावीं. तीं एकाच जागीं, एकाच उंचीवर, पाळीपाळीनें ठेवावीं. एकाची मोजणी चालू असतां दुसरीं बंद ठेवावीं. वाटेची रुंदी व क्रमांक सर्वांस सारखे असावे, नाहींतर रुंद वाटेवरचें यंत्र उगीचच वेगवान दिसतें. मोजावयाचा फोनही एकच असावा. यंत्राजवळ, वर्गाच्या मध्यें, शेवटच्या बाकावर, ओसरीवर व शेजारच्या वर्गांत अशा ठरलेल्या जागीं प्रत्येकीं दहा वेळां आंकडे घ्यावे: संदेश किती, गोंगाट किती, शंभर हांकांस ‘ओ’ किती. दहांपैकीं सर्वांत चांगला आंकडा न घेतां मधला घ्यावा. रिकाम्या वर्गांत एकदां मोजावें आणि मुलें भरलीं असतां दुसऱ्यांदा मोजावें, कारण मनुष्याच्या देहांत पाणी फार, आणि तें या लहरी शोषून घेतें. खेळाच्या मैदानापलीकडे संदेश न्यावयाचा असेल तर पावसाळ्यांतही मोजावें. पावसाच्या सरींनीं या लहरींचें फारसें बिघडत नाहीं, पण मध्यें आलेल्या ओल्या झाडोऱ्यानें बिघडतें. शेवटीं प्रत्येक यंत्राचा सर्वांत कमी आंकडा ज्या जागीं आला तो निवडून त्यांची आपसांत तुलना करावी. ज्याचा पडता आंकडा सर्वांत वरचा, तें यंत्र आपलें.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, एवढा खटाटोप करण्यापेक्षां सर्वांत महाग यंत्र घ्यावें म्हणजे झालें. परंतु महाग यंत्र कोपऱ्यांतल्या लोखंडी कपाटामागें ठेविलें, तर मधल्या भिंतीवर डोक्याच्या वर लावलेलें साधें यंत्र त्यास सहज मागें टाकील. पुष्कळ वेळां नवीन यंत्राऐवजीं दहा हात वायर आणि एक खिळा एवढ्यांतच काम होतें! दुसरा आक्षेप असा कीं, तार असतां बिनतारीच्या मागें लागावेंच कशास? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. जेथें यंत्र हलवावयाचें नाहीं तेथें तारच उत्तम. संगणकांच्या खोलींत तारा ओढाव्या, म्हणजे आकाशांतली तेवढी गर्दी कमी होईल. बिनतारी वाट जेथें तार जाऊं शकत नाहीं त्या मुलांसाठीं राखावी.

कोणी म्हणेल, शाळेच्या वार्षिकांत या पेट्यांचा एवढा ऊहापोह कशासाठीं? यासाठीं कीं, या जिल्ह्यानें संदेशाची किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर जिल्ह्याबरोबर आमच्या उमरगा व आजच्या लोहारा तालुक्यांतील गांवेंही जमीनदोस्त केलीं. सुमारें १० हजार माणसें दगावलीं. अशा वेळीं कोणाचें बोलणें कोणापर्यंत पोहोंचतें यावर प्राण अवलंबून असतात. पुढें मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर आलें, तेव्हां महाराष्ट्रांतील कितीतरी मुलें रेंज शोधीत टेंकडीवर व माळवदावर जाऊन बसलीं. ज्यांच्या घरीं संदेश स्पष्ट होता तीं पुढें गेलीं. ज्यांच्या घरीं नव्हता तीं मागें राहिलीं. दोघांच्या बुद्धींत भेद नव्हता. भेद कांहीं डीबीएमचा होता. तो भेद भरून काढणें हें पालकांच्या व शाळांच्या हातीं पुष्कळ अंशीं आहे, आणि त्यासाठीं पैशापेक्षां पारखच अधिक लागते.

पालकांस आमची विनंति अशी कीं, शाळेनें बिनतारी यंत्र घ्यावयाचें ठरविलें म्हणजे पालकसभेंत किंमत विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: शेवटच्या बाकावर आंकडा किती आला? आणि तो आंकडा मुलांच्याच वहींत लिहिलेला दाखवावयास सांगावें. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, जें मोजतां येतें तें ऐकीव गोष्टीवर सोडूं नये, आणि मोजतांना आपल्या सोयीची जागा निवडूं नये. हा धडा यंत्रांपुरता आहे असेंही नाहीं. शाळा, गांव, राज्य, सर्वांची प्रत सर्वांत दूर बसलेल्यास काय ऐकूं येतें यावरून ठरवावी, असें आम्हांस वाटतें.